बरोबरची खूण

१९९३ सालची अनंत चतुर्दशी. मिरजेत विसर्जनाची मिरवणूक म्हणजे सगळ्या गावाचं जागरण. रस्त्यावर कमानी, बँड, ढोल, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी तळ्याकडे मुंगीच्या पावलांनी सरकणारे गणपती. आमचं भाड्याचं घर मिरवणुकीच्या रस्त्यालाच होतं, त्यामुळे मला झोप लागली नाही. पहाटे चारच्या सुमाराला तिकडे किल्लारीला जमीन हादरली आणि हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. सकाळी शाखेत सगळे रेडिओभोवती उभे. सहामाही क्लोजिंगचा दिवस, पण कुणाचा हात लेजरला लागत नव्हता. त्या शांततेत मी म्हणाले, "मला काल रात्रभर वाटत होतं, काहीतरी वाईट होणार."

सगळे माझ्याकडे वळले. ज्या हेडकॅशियरना माझं आडनावही नीट आठवत नसे, त्यांनी विचारलं, "म्हणजे नक्की काय वाटत होतं?" मी सांगत गेले. छातीत धडधड, पोटात गोळा, पायाखालची जमीन सरकल्यासारखी. हे शेवटचं तर बोलता बोलता सुचलं. काल रात्री मिरजेत झोपलं होतं कोण, हा साधा प्रश्न एकानेही विचारला नाही.

आज ६८ व्या वर्षी हिशेबाला बसले आहे, तर पहिली ओळ याच वाक्याची लिहायला हवी. मला त्या रात्री अस्वस्थ वाटलं होतं, हे खरं आहे. ढोलांनी डोकं उठलं होतं. सकाळी त्या डोकेदुखीचं मी नाव बदललं, एवढंच.

नाव का बदललं, तेही लिहिते. मी तेव्हा ३६ वर्षांची, बँकेत क्लार्क, ऑफिसरच्या परीक्षेत दोनदा नापास. घरी कुठला प्लॉट घ्यायचा, मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, हे सगळं ठरून मग माझ्या कानावर यायचं. चहा किती कप टाकू, याखेरीज मला कुणी काही विचारत नव्हतं, आणि मीही कुणाला विचारत नव्हते. त्या सकाळी दहा-बारा माणसं माझ्या पुढच्या वाक्याची वाट पाहत थांबली. ते तोंडाला लागलं.

आठवड्याभरात एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर पंचांग आणि पाककृतींच्या मधे एक पुस्तिका दिसली. अतींद्रिय शक्ती जागृत करण्याचे २१ दिवसांचे पाठ, नवशिक्यांसाठी. दुकानदाराने वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि मी ती पिशवीत कोथिंबिरीखाली ठेवली.

पहिला पाठ त्राटकाचा. त्राटक आपल्याकडे जुनं आहे. हठयोगप्रदीपिकेत ते धौती, बस्ती, नेती, नौली, कपालभाती यांच्या पंक्तीत येतं, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांत. डोळ्यांत पाणी येईपर्यंत एका बारीक वस्तूकडे टक लावायची. पुस्तिकेने ती क्रिया तेवढी उचलली आणि पुढे स्वतःचं जोडलं, की आठव्या दिवसापासून माणसांभोवतीचं तेजोवलय दिसू लागेल. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काळा ठिपका काढला आणि पहाटे पाचला त्याच्यासमोर बसू लागले. आठवा दिवसही लागला नाही. चौथ्याच दिवशी ठिपक्याला पांढरी कड दिसली. पंधरवड्यात शाखेतल्या चुन्याच्या भिंतीसमोर बसलेल्या मॅनेजरसाहेबांच्या डोक्याभोवती निळसर वलय दिसलं आणि मी ते त्यांना सांगितलं. साहेब खूश झाले. त्या वर्षी माझी रजा पहिल्यांदाच कुरकुर न होता मंजूर झाली.

पुढे माझ्याच मुलाने सहावीत असताना मला भिंतीवर कुंकवाचा टिळा लावून दाखवला. अर्धा मिनिट त्याच्याकडे पाहायचं आणि नजर बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर न्यायची. तिथे हिरवट टिळा दिसतो. डोळ्याच्या पडद्यावरच्या त्या रंगाच्या पेशी थकतात आणि उलट रंग उमटतो. नजर किंचित हलली की गडद वस्तूला उजळ कड येते, तीही अशीच. साहेबांचे केस कलपामुळे काळेभोर होते. मुलगा हसला, मीही हसले. पण साहेबांना जाऊन काही सांगितलं नाही.

दुसरा पाठ टेलिफोनचा. घंटा वाजली की उचलण्याआधी कुणाचा फोन ते ओळखायचं. हा मला फार चांगला जमायचा. रात्री अकरानंतर एसटीडी स्वस्त व्हायची आणि माझी आई त्याच वेळी फोन करायची. तरी दर वेळी "आईचा!" म्हणून मी धावायचे आणि सासूबाई जपमाळ थांबवून माझ्याकडे बघायच्या.

तिसरा पाठ पत्त्यांचा. त्याची गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाली. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जोसेफ राइन यांनी १९३० च्या दशकात अतींद्रिय ज्ञान मोजायचं ठरवलं. त्यांचे सहकारी कार्ल झेनर यांनी त्यासाठी पत्ते आखले: वर्तुळ, अधिकचं चिन्ह, तीन नागमोडी रेघा, चौकोन आणि तारा. प्रत्येकी पाच, एकूण २५. नुसत्या अंदाजाने पाच बरोबर यावेत, ही अपेक्षा. राइन यांचं पुस्तक १९३४ साली आलं आणि जगभर गाजलं. पुढे टीकाकारांनी दाखवून दिलं, की सुरुवातीच्या काही छापील पत्त्यांवरची चिन्हं विशिष्ट उजेडात पाठीमागूनही दिसत. नियम कडक केल्यावर इतर प्रयोगशाळांत तसे निकाल हाती येईनात.

माझे पत्ते लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर स्केचपेनने काढलेले होते. मिस्टर एकेक पत्ता उचलायचे, मी सांगायचे. रोज दोन फेऱ्या, तीन महिने. एका रात्री २५ पैकी ११ आले. मी उठून देवापुढे दिवा लावला. दुसऱ्या दिवशी शाखेत, माहेरी, हळदीकुंकवाला, सगळीकडे तो अकराचा आकडा फिरला. बाकीच्या रात्रींचे चार, पाच, सहा, तीन कुणाला सांगितले नाहीत. कुणी विचारलेही नाहीत. नुसत्या अंदाजाने अकरा किंवा जास्त येण्याचा योग पावणेदोनशे फेऱ्यांत साधारण एकदा असतो, आणि मी तेवढ्याच फेऱ्या खेळले होते. आपल्याकडे याला बोलाफुलाला गाठ म्हणतात. माझ्या आजीला जे एका शब्दात कळत होतं, ते मला पाच चिन्हं गिरवून कळलं नाही.

चौथा पाठ लंबकाचा. दोऱ्याला अंगठी बांधून हातात धरायची आणि प्रश्न विचारायचा. गोल फिरली तर एक उत्तर, सरळ झुलली तर दुसरं. मिशेल शेव्रूल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३३ साली अँपिअरला लिहिलेल्या पत्रात याचा उलगडा केला होता. लंबक पाहत असताना तो झुलतो आणि डोळे बांधले की थांबतो, हे त्याने स्वतःवर करून पाहिलं. मनात जे उत्तर असतं त्या दिशेला बोटांचे स्नायू नकळत हलतात. माझ्या पुस्तिकेत शेव्रूल नव्हता. असता तरी मी डोळे बांधले असते का, याची मला शंका आहे.

इथे मला थांबावं लागतं. आमच्या गल्लीत अंगठीला एकच प्रश्न विचारला जायचा. गोल फिरली तर मुलगी, झुलली तर मुलगा. बायका दुपारी यायच्या, जेवणं आटोपून. मी चटई टाकायचे. निम्म्या वेळा उत्तर बरोबर यायचं, कारण दोनच उत्तरं होती. बरोबर आलेल्यांच्या घरून पेढे यायचे, चुकलेल्या पुन्हा विषय काढायच्या नाहीत.

एक बाई दोन मुलींनंतर आली होती. अंगठी गोल फिरली. ती माझ्या हाताकडे पाहत होती आणि मी तिच्या चेहऱ्याकडे, आणि त्या चेहऱ्यावर जी भीती होती तीच माझ्या बोटांत उतरली असणार. मी म्हणाले, "मुलगी दिसतेय." तिने पुढ्यातल्या लाडवाला हात लावला नाही. उठली, चपला हातात घेतल्या आणि जिना उतरून मग पायात घातल्या. महिन्याभराने मंडईत भेटली तेव्हा म्हणाली, "राहिलं नाही हो." मी म्हणाले, "देवाची इच्छा." पुढे काही विचारलं नाही.

तिचं आपोआप राहिलं नसेल, किंवा आणखी काही झालं असेल. मला माहीत नाही, कारण मी माहीत करून घेतलं नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशभराचा कायदा १९९४ साली झाला. त्यात यंत्रांचा विचार होता, माझ्या अंगठीचा कुणी कशाला करेल? २०१७ च्या मार्चमध्ये मिरजेजवळच्या म्हैसाळला १९ स्त्रीभ्रूणांचे अवशेष सापडले आणि सगळा महाराष्ट्र हादरला. ती बातमी वाचताना मला हातात चपला घेऊन जिना उतरणारी ती बाई दिसली. मी तिला कुठलं यंत्र लावलं नव्हतं, पैसे घेतले नव्हते, तिचं वाईट चिंतलं नव्हतं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिन्हींचा मला काही आधार होत नाही.

पाचव्या पाठात दुसऱ्याची वस्तू मुठीत धरून त्याच्याविषयी काय येईल ते सांगायचं होतं. घड्याळ, किल्ली, पाकीट. "बाहेरून कणखर दिसता, पण आत एक सल आहे." "पैशापेक्षा माणसाने दुखावलंय." ऐकणारे थक्क व्हायचे. बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाच्या स्वभावाचं वर्णन म्हणून एकच मजकूर वाटला होता. त्यातली वाक्यं बरीचशी भविष्याच्या बाजारू पुस्तकातली. विद्यार्थ्यांनी त्याला अचूकतेचे पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. माझ्या शाखेने मला पैकीच्या पैकी दिले.

यापुढचं मात्र पुस्तिकेत नव्हतं, ते बँकेच्या काउंटरने शिकवलं. मिरज हे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून, कोकणातून, जत-आटपाडीकडून माणसं इथे उपचाराला येतात. बगलेत एक्सरेचं मोठं पाकीट, घड्याळाच्या पट्ट्यात खोवलेलं एसटीचं तिकीट, मुदत संपायला चार महिने असताना मोडायला आणलेली ठेवपावती. पितळी टोकन हातात देताना मी हलकेच विचारायचे, "घरात कुणाचं ऑपरेशन आहे का हो?" समोरचा माणूस टोकन विसरून माझ्याकडे पाहत राहायचा. कुणीकुणी हात जोडायचं.

शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता. बेरजा विचारल्या की खुराने टापा मारून बरोबर उत्तर द्यायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली शोधून काढलं, की घोड्याला गणित येत नव्हतं. उत्तराची टाप आली की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि घोडा तिथे थांबायचा. बिचाऱ्या घोड्याने आपल्याला गणित येतं असा दावा कधी केला नव्हता. मी केला होता. आणि सदसद्विवेकाला साक्ष ठेवून विचारते, की एक्सरेचं पाकीट मी पाहिलंय हे मला त्या क्षणी कळत होतं का? कळत होतं. अर्ध्या सेकंदापुरतं. मग मी ते विसरायचे आणि त्याला आतला आवाज म्हणायचे. २१ दिवसांच्या त्या पाठांनी माझ्यात एक गोष्ट खरोखर जागी केली, बारीक लक्ष द्यायची सवय. आणि तिच्या जोडीने दुसरी एक गोष्ट शिकवली. आपण काय पाहिलं ते स्वतःपासून लपवणं.

शेवटचा पाठ वहीचा. डाव्या पानावर काय वाटलं ते लिहायचं, उजव्या पानावर काय झालं ते. जुळलं तर बरोबरची खूण. मी अशा तीन दोनशेपानी वह्या भरल्या. बँकेतली बाई, हिशेबाला चोख, लाल शाई वेगळी ठेवणारी.

ऑगस्ट १९९८. आमच्या शाखेतल्या दप्तरीची आई दवाखान्यात होती. जनरल वॉर्डात, खाटेखाली सतरंजी टाकून तो रात्री झोपायचा आणि सकाळी तिथूनच कामावर यायचा. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, भाऊ कुणी नाही. त्या संध्याकाळी व्हाउचरची बंडलं बांधता बांधता तो माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई. आज घराकडं जाऊ का? काय हुईल का आईला?"

तो डॉक्टरांना विचारू शकत होता, नर्सला विचारू शकत होता. त्याने मला विचारलं, कारण पाच वर्षं मी तशी सवय सगळ्यांना लावली होती. आणि माझं उत्तर तयार होतं. मी डोळे मिटले, ते मिटायची गरज नव्हती. एक मोठा श्वास घेतला. म्हणाले, "जा तू. आज काही होत नाही."

पहाटे साडेतीनला ती गेली. जवळ कुणी नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची मुलगी उठली, तिने नर्सला हाक मारली, तोवर संपलं होतं.

तेरा दिवसांनी तो डोक्यावर टोपी घालून कामावर आला आणि सरळ माझ्या टेबलाशी उभा राहिला. मी खाली पाहत होते. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही बोलला तसंच झालं बघा. 'आज' काय झालं न्हाई. बारा वाजून गेलं हुतं, तारीख बदलली हुती."

त्याने ते मनापासून म्हटलं. टोमणा नव्हता. माझ्यावरचा विश्वास मोडला असता तर त्या रात्री घरी जाऊन झोपल्याचा सगळा भार त्याच्या एकट्यावर आला असता, म्हणून त्याने तारीख पुढे ढकलून मला वाचवलं, आणि माझ्याबरोबर स्वतःला. आणि मी? मी "हो रे बाबा" म्हणाले. घरी गेले. वही काढली. डाव्या पानावर लिहिलं होतं: 'दप्तरीची आई, आज काही नाही.' उजव्या पानावर मी लिहिलं: 'दुसऱ्या तारखेला, शांतपणे.' आणि पुढे बरोबरची खूण केली.

त्या खुणेला आता बरीच वर्षं झाली. खोटं बोलणं मला समजतं, ते माणूस घाबरून बोलतो. पण रात्री दहा वाजता, घरचे झोपलेले, समोर कुणी नाही, कुणाला दाखवायचं नाही, अशा वेळी स्वतःच्याच वहीत स्वतःच्या हाताने केलेली ती खूण मी काय म्हणून केली, याचं उत्तर मला सापडत नाही.

पुण्यातल्या एका चाचणीची बातमी २००९ साली पेपरात वाचली. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या होत्या, १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या. ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० पत्रिका पाठवल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली, त्यांतली सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती. माझं लक्ष आकड्यापेक्षा पद्धतीने वेधून घेतलं. काय झालं तर बरोबर आणि काय झालं तर चूक, हे आधी ठरवलेलं होतं, आणि मोजणारा माणूस वेगळा होता.

त्या रविवारी मी माळ्यावरून वह्या काढल्या आणि मोजायला मुलाला दिल्या. तिन्ही वह्यांत मिळून ६१४ नोंदी निघाल्या. बरोबरच्या खुणा १७१, चूक म्हणून लिहिलेल्या ५४. उरलेल्या ३८९ नोंदींची उजव्या पानावरची जागा कोरी होती. जे घडलं नाही ते मी लिहिलंच नव्हतं. त्या कोऱ्या जागांत ती चपला हातात घेऊन गेलेली बाईही होती. १७१ पैकी ६३ खुणा आईच्या फोनच्या होत्या, हे मुलाने हळूच सांगितलं. आई तेव्हा हयात नव्हती.

लहानपणी कीर्तनात ऐकलेल्या चांगदेवांच्या गोष्टीतही कोरा कागद आहे. चौदाशे वर्षांचे योगी, वाघावर बसणारे, सापाचा चाबूक करणारे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायना सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार? शेवटी कोराच कागद पाठवला. त्याला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी ६५ ओव्या लिहिल्या, आणि पुढे मुक्ताबाई, एवढीशी पोर, त्यांची गुरू झाली. आम्ही मुलं गोष्टीत ज्ञानदेवांची भिंत चालल्यावर टाळ्या वाजवायचो. आता मला त्या कागदाजवळ थांबावंसं वाटतं. एवढ्या सिद्धी असलेल्या माणसाला काय लिहावं कळलं नाही, तेव्हा त्याने ते झाकलं नाही. कागद कोरा होता तसा पाठवून दिला. माझ्या ३८९ कोऱ्या जागा मी माळ्यावर टाकून दिल्या होत्या.

पतंजलींच्या योगसूत्रांचा तिसरा भाग विभूतिपाद. दुसऱ्याचं मन ओळखण्यापासून कितीतरी सिद्धींची यादी तिथे आहे, आणि त्याच भागात बजावलं आहे की समाधीच्या वाटेवर त्या विघ्न आहेत. माझ्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर पतंजलींचं नाव होतं. यादी होती, इशारा गाळला होता. पण पुस्तिकेला तरी दोष कशाला देऊ? इशारा छापला असता तर मी तो वाचून पान उलटलं असतं.

वह्या मोजून झाल्यावर मी मालगावला दप्तरीच्या घरी गेले. तो स्वेच्छानिवृत्ती घेऊन द्राक्षबागेत रमला होता. मी सगळं सांगितलं. की मला काही दिसत नव्हतं, कधीच दिसलं नव्हतं, त्या दिवशी मी उगाच बोलले. तो बराच वेळ चुळबुळत बसला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही म्हनता तसं आसंल. पर ते तेवढं ऱ्हाऊ द्या माझ्याकडं." आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. मी माफी मागायला गेले होते. त्याला माफ करायचं काही उरू द्यायचं नव्हतं, कारण मग त्याला स्वतःलाही माफ करावं लागलं असतं. मी चहा प्यायले आणि परत आले. घरी येऊन वहीतली ती खूण खोडली, शेजारी 'चूक' लिहिलं आणि त्या दिवसाची तारीख घातली.

आता पुस्तिकांची जागा मोबाइलने घेतली आहे, पाठ तेच आहेत. डोळे बांधून वाचायला शिकवतो म्हणून लहान मुलांचे वर्ग निघतात आणि मुलं नाकाशेजारच्या फटीतून बघायला शिकतात. ती मुलं माझ्यासारखीच आधी बघतात, मग बघितलेलं विसरतात. ज्यांना हे पाठ करायचेत त्यांनी करावेत, मी अडवणारी कोण? त्राटकाने मन थोडं स्थिर होतं, याचा मलाही अनुभव आहे. पण वही ठेवा, कोरं पान सोडू नका, आणि मोजायला दुसऱ्याला द्या. आणि घाबरलेलं माणूस प्रश्न घेऊन आलं की पाठ बंद करा.

त्या संध्याकाळी दप्तरीला एक उत्तर देता आलं असतं. "मला माहीत नाही रे. तू घरी जाऊन झोप, आज मी बसते आईजवळ." त्याला कुठलीच शक्ती लागत नव्हती. माझं घर त्या दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर होतं.